सगळ्या मंडळीचं लेकरू

आमच्या चर्चच्या मंडळीला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतायत. स्मरणिका निघणार आहे, आणि तिच्यात ख्रिस्तवासी काकासाहेब पंचांवर चार पानं मी लिहावीत असं ठरलंय. ठरवणाऱ्यांनी मला विचारलं नाही. "उषाबाई, तुम्ही अडतीस वर्षं पेटी वाजवली. तुम्ही त्यांना समोरून पाहिलंय," एवढं सांगून, चहा पिऊन गेले.

समोरून पाहिलंय हे खरं. पेटी पाळकांच्या शेजारी असते. मंडळी पाळकांकडे बघते, आणि मी मंडळीकडे. कोण डुलक्या काढतं, कोण ओठ नुसते हलवतं, कोण प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवून चपलांवर लक्ष ठेवतं, हे देवाखालोखाल मलाच ठाऊक. म्हणून लिहिते. छापतील असं काही वाटत नाही.

काकासाहेब सरकारी गोदामात कारकून होते आणि मंडळीत पंच होते. पहिल्या बाकाची कडेची जागा त्यांची. दुसरं कुणी तिथं बसलं तर ते काही बोलत नसत, नुसते शेजारी उभे राहून खाकरत. पांढराशुभ्र सदरा, केसांना तेल, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल. लाल कशाला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, विडी नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. वाईट माणसाबद्दल लिहायला मला एवढा त्रास झाला नसता.

त्यांची ख्याती आवाजाची. तो आवाज खास करून बाप्तिस्म्याच्या दिवशी लागायचा.

आमच्याकडे बाप्तिस्म्याला एक पद्धत आहे. दुसरीकडे मी पाहिली नाही. पाळक लेकराच्या कपाळाला पाणी लावतात, नाव घेतात, मग मंडळीला उभं करून विचारतात, "या लेकराला विश्वासात वाढवायची जबाबदारी कोण घेतं?" मंडळी म्हणते, "आम्ही सगळे घेतो." मग लेकरू फिरतं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, बायांकडून पुरुषांकडे, हातोहात. ज्याच्या हातात येईल त्यानं क्षणभर छातीशी धरायचं आणि पुढं द्यायचं. लेकरू परत आईच्या हातात येईपर्यंत कुणी बसायचं नाही. जुनी माणसं सांगायची, फार पूर्वी एका दुष्काळात आईबाप मेलेली लेकरं मंडळीनं अशीच बाकाबाकावरून उचलून घरोघर नेली होती. तेव्हापासूनची ही रीत. त्यांनी घरी नेली होती. आम्ही फिरवतो.

मी मात्र त्यात कधी नसायची. पेटी वाजवायला बसावं लागतं. लेकरू फिरत असताना गीत चालू राहिलं पाहिजे, म्हणून सगळी मंडळी उभी असताना एकटी मी बसलेली. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा मी फार उपयोग करून घेतला.

१९८३ साली साळूबाई आणि मच्छिंद्र यांच्या पोरीचा बाप्तिस्मा झाला. मच्छिंद्र अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस तोडणाऱ्या टोळीत जायचा. सहा महिने तिकडे, सहा महिने घरी. पोरीचं नाव बेबीनंदा. "आम्ही सगळे घेतो!" काकासाहेब असे गरजले की पोर दचकून रडायला लागली. पहिल्यांदा ती त्यांच्याच हातात गेली आणि तिनं त्यांचा पांढरा सदरा ओला केला. काकासाहेब मोठ्यांदा हसले, "आपलंच लेकरू हे!" म्हणाले, आणि इतक्या चपळाईनं पुढच्याला देऊन टाकलं की पुढच्याची तयारीच नव्हती.

प्रत्येक पंचाच्या वाट्याला बारा घरं असतात. महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, बसायचं, दुखलंखुपलं विचारायचं, प्रार्थना करून उठायचं. काकासाहेबांनी लूना घेतली आणि त्यांचं बसणं बंद झालं. दारासमोर लूना उभी करायचे, इंजिन चालूच. "सलाम! सगळं बरं हाय न्हं?" आतली बाई पिठाचे हात पुसत बाहेर येईतो दारात नुसता धूर. कमिटीच्या वहीत मात्र दर महिन्याला बाराच्या बारा घरी भेटी. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आमच्या पंचांनी लूनावरून हाकल्या.

साळूबाईचं घर त्यांच्या बारांपैकी एक. १९९४च्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अन्न आत राहत नव्हतं. काकासाहेब दारात आले तेव्हा ती आतून म्हणाली, "पंचसाहेब, घडीभर बसा. पोरीचं बोलायचं हाय."

"तू बिलकुल फिकीर करू नको. सगळी मंडळी तुझ्यासाठी प्रार्थना करून राह्यली," काकासाहेब म्हणाले. आणि गेले. लूना बंद करून परत सुरू करायची म्हणजे पायडल मारावं लागतं.

प्रार्थना खरंच झाली. बुधवारच्या यादीत साळूबाईचं नाव चौथं होतं. मी स्वतः ऐकलं. मीही आमेन म्हणाले आणि माझ्या शाळेच्या पेपरांचे गठ्ठे तपासायला घरी गेले. तीन आठवडे तिला पेज भरवली, तिचे कपडे धुतले आणि शेवटी तिचे डोळे मिटले ते शेजारच्या द्वारकाबाईनं. द्वारकाबाई धनगराची. शेळ्या राखायची. आमच्या मंडळीतली नाही आणि कधी व्हायचीही नव्हती, तिचा खंडोबा तिला पुरेसा होता. तिला कुणी उभं करून काही विचारलं नव्हतं.

साळूबाईला मातीआड केल्यावर प्रश्न पोरीचा आला. बेबीनंदा अकरा वर्षांची, पाचवीत, माझ्याच वर्गात. फार हुशार नव्हती, पण हट्टी होती. गणित चुकलं की पाटी पुसून पहिल्यापासून करायची. मच्छिंद्रची टोळी त्या वर्षी दिवाळीनंतर लांब कर्नाटकात जाणार होती. तो पोरीला बरोबर नेणार होता, आणि टोळीतच त्यानं एक स्थळही बघून ठेवलं होतं. नवरा मुलगा तेवीस वर्षांचा, स्वतःची बैलगाडी असलेला.

तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मार्ग काढला. जालन्याला मुलींचं एक बोर्डिंग होतं. राहणं, जेवण, शाळा, सगळं मोफत. फॉर्मवर फक्त एका पालकाची सही हवी होती. बाप सहा महिने बाहेर, म्हणून गावात राहणारा माणूस हवा. त्यानं करायचं एवढंच की पोर आजारी पडली तर जायचं आणि सुट्टीत तिला घरी आणायचं. मच्छिंद्रही तयार झाला. "घ्या ठेवून. माझ्याच्यानं न्हाई व्हत," म्हणाला. सही मिळाली तर पोर शाळेत राहणार होती, नाही मिळाली तर बैलगाडीवाल्याच्या घरात जाणार होती. इतकं साधं होतं ते सगळं.

पंच कमिटी बसली. मी इतिवृत्त लिहायला होते. पोहे आले, चहा आला. पाळक म्हणाले, "एक नाव पाहिजे."

"एक कामून?" काकासाहेब म्हणाले. "लेकरू काय एकट्याचं हाय? तिच्या बाप्तिस्म्याला आपण सगळे उभे राह्यलो होतो. मंडळीचा शिक्का मारा. शिक्क्यात सगळे आले, बराबर हाय का न्हाई?"

खोलीत वारं सुटावं तसं सगळ्यांना बरं वाटलं. एकानं दुसऱ्याला पोहे पुढं केले. काकासाहेबांनी कपाटातून मंडळीचा गोल शिक्का काढला, त्यावर तोंडानं वाफ सोडली, आणि पालकाच्या सहीच्या जागी तो असा दाबला की टेबल हललं. ठराव मी लिहिला. सुरेख अक्षरात लिहिला. 'सदर मुलीची आत्मिक जबाबदारी संपूर्ण मंडळी घेत आहे.' बारभाईची खेती, काय लागेल हाती, हे मी वर्गात पोरांना शिकवत होते, पण लिहिताना माझा हात थांबला नाही.

बेबीनंदाला घेऊन द्वारकाबाई जालन्याला गेली. दुसऱ्या दिवशी पोर वर्गात होती. मी विचारलं, काय झालं?

"बोर्डिंगच्या बाई म्हनल्या, तुला ताप आला तं हा शिक्का येईल का दवाखान्यात न्यायला? सुट्टीत कोणाच्या घरी जाशील, शिक्क्याच्या? म्हनल्या, मानूस आन. आठ दिवसात." तिनं माझ्या टेबलावर नवा कोरा फॉर्म ठेवला. मी तो बघितला आणि म्हणाले, "पाळकसाहेबांना दे." त्या टेबलावर माझं पेन उघडं पडलेलं होतं.

त्या रविवारी उपदेश झाल्यावर पाळकांनी फॉर्म वर धरला. सगळं समजावून सांगितलं. मग, आता वाटतं त्यांना दुसरं काही सुचलं नसेल, ते म्हणाले, "फॉर्म फिरवू या. ज्याला देव सांगेल त्यानं सही करावी." बेबीनंदा पुढे उभी होती. शाळेचाच निळा स्कर्ट, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या. लेकरू फिरवताना उभं राहतात तशी मंडळी सवयीनं उठून उभी राहिली.

फॉर्म पहिल्या बाकावर गेला. काकासाहेबांनी चष्मा लावला. निळं पेन काढलं, टोपण काढलं. मला वाटलं, अरे, माणूस करतोय. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली, टोपण परत लावलं, आणि म्हणाले, "आमचं आता वय झालं. तरुणांनी पुढं यावं." त्यांचं वय तेव्हा सत्तावन्न होतं. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी पंचाची निवडणूक सोडली नाही.

तरुणांनी म्हटलं, मोठ्यांनी करावी. बायांच्या बाजूला एकजण कुजबुजली, "पोरगी उद्या वयात यील, मंग काय?" दुसरी म्हणाली, "घरात विचारावं लागंल." कुणी फॉर्म छातीशी धरला, अगदी पद्धतीप्रमाणे, आणि पुढं दिला. एका म्हाताऱ्यानं तर त्याचा मुका घेतला. शेवटच्या बाकापर्यंत जाऊन तो दुसऱ्या बाजूनं परत आला आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे आला. कोराच.

मी अविवाहित बाई. मिशनच्या दोन खोल्या मला, आणि राहणारी मी एकटी. पोर माझ्या वर्गातली. ती माझ्याकडे बघत होती, आणि हट्टी पोरं बघतात तशी बघत होती, डोळे न हलवता. मी मनात भराभर हिशेब मांडला. सुट्टीत मी नाशिकला भावाकडे जाते, तिला कुठं ठेवू? पुढच्या वर्षी मुख्याध्यापिका व्हायचंय. लोक म्हणतील, बाईला लेकरू नाही म्हणून दुसऱ्याचं ओढलं. आणि सगळ्यात चांगलं कारण शेवटी सापडलं. मी तर तिच्या बाप्तिस्म्याला उभीच राहिले नव्हते. मी पेटीवर होते. वचन त्यांनी दिलं, मी नाही.

मी फॉर्म बेबीनंदाच्या हातात दिला आणि पेटीचा भाता ओढला. लेकरू परत आलं की बसायचं, या सवयीनं मंडळी बसली.

पोर बाहेर गेली. माझ्या शेजारची खिडकी उघडी होती. लिंबाखाली द्वारकाबाई दोन शेळ्या धरून बसली होती.

"झालं का गं?"

"न्हाई."

"एवढ्या मान्सात?" मग तिनं शेळ्यांचं दावं पायाखाली धरलं. "बरं, आन इकडं. कुठं लावायचा आंगठा?"

आम्ही गीताच्या दुसऱ्या कडव्यावर असताना बेबीनंदा परत आत आली. सरळ कोपऱ्यातल्या कमिटीच्या टेबलाकडे गेली आणि शिक्क्याचं शाईचं पॅड उचललं. काकासाहेब गाता गाता थांबले. "पोरी, देवाच्या घरातली वस्तू विचारून घ्यावी," म्हणाले, आणि तिसऱ्या कडव्याला परत सुरात मिळाले.

बोर्डिंगच्या बाईंना अंगठा चालला. पालकाचं नाव द्वारकाबाई, नातं शेजारीण. मच्छिंद्र टोळीबरोबर गेला तो तिकडेच राहिला, म्हणजे शेजारीण हेच पोरीचं एकमेव नातं उरलं. सुट्टीत ती द्वारकाबाईच्या घरी यायची. रविवार आला की द्वारकाबाईच तिला न्हाऊ घालून चर्चच्या दारापर्यंत सोडायची. "तिच्या आईचा देव हाय, त्याला सोडू न्हाई," असं मला एकदा तिनं सांगितलं. विश्वासात वाढवणं म्हणतात ते हेच, आणि ते आमच्या नाकासमोर एक धनगरीण करत होती. नववीत पोरीला टायफॉइड झाला. द्वारकाबाई शेळ्या दुसरीकडे सोपवून एसटीनं गेली आणि आठ दिवस बोर्डिंगच्या ओट्यावर झोपली. त्या आठवड्यात आमच्या बुधवारच्या यादीत 'आपली मुलगी बेबीनंदा' हे नाव दुसरं होतं.

'आपली मुलगी' हे काकासाहेबांचं. पोर बोर्डिंगात गेली त्याच वर्षीच्या नाताळच्या अहवालात त्यांनी वाचून दाखवलं होतं, 'मंडळीने एका निराधार बालिकेस बोर्डिंगात दाखल केले.' टाळ्या झाल्या. आयत्या बिळावर नागोबा बघितले होते, पण बिळाच्या दारात उभं राहून उंदराला वाकुल्या दाखवणारा पहिलाच. पुढं पाहुणे पाळक आले की काकासाहेब त्यांना हमखास सांगायचे, आमच्या मंडळीची एक मुलगी जालन्याला नर्सिंग करते. ऐकताना मला त्यांची किळस यायची. ती किळस मला फार उपयोगी पडली. रविवारी घरी येऊन जेवताना मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवायची आणि माझ्या दोन खोल्यांकडे बघायचं राहून जायचं.

२००५ सालच्या फेब्रुवारीत बेबीनंदा आपल्या मुलाचा बाप्तिस्मा करायला आली. नर्सची नोकरी, चांगला शांत नवरा, चार महिन्यांचं लेकरू. जालन्याच्या मोठ्या चर्चमध्ये करता आला असता, पण ती इथंच करणार म्हणून अडून बसली. आम्हाला वाटलं, पोर उपकार विसरली नाही. काकासाहेबांनी नवा सदरा शिवला.

पाळक आता नवे होते, तरुण. त्यांनी पाणी लावलं, नाव घेतलं, मंडळीला उभं केलं आणि विचारलं, "या लेकराला विश्वासात वाढवायची जबाबदारी कोण घेतं?"

"आम्ही सगळे घेतो!" काकासाहेबांचा आवाज फाटला, पण निघाला. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. तेच तर मला सहन होत नव्हतं. मी पेटीवर गीताची पहिली पट्टी दाबली.

बेबीनंदा लेकरू घेऊन त्यांच्यासमोरून गेली. थांबली नाही. दुसरा बाक, तिसरा, सातवा. सगळ्यांचे हात पुढं आलेले, आणि ती मधून चालत शेवटपर्यंत गेली. तिथं चपलांच्या शेजारी, जमिनीवर, द्वारकाबाई बसली होती. तिला बाक दिला होता, तिनं घेतला नव्हता.

"मावशी, धर."

"म्या? अगं म्या न्हाई तुमच्यातली."

"धर तू."

द्वारकाबाईनं लुगड्याला हात पुसले आणि लेकरू घेतलं. काकासाहेब मागं वळून म्हणाले, "पाळकसाहेब, हे रीतीला धरून न्हाई. ती मंडळीची सभासद न्हाई." तरुण पाळक गोंधळले. त्यांना वाटलं असावं, प्रश्न परत विचारला म्हणजे सगळं जागेवर येईल. त्यांनी परत विचारलं, "जबाबदारी कोण घेतं?"

प्रश्न आपल्याला आहे असं द्वारकाबाईला वाटलं. "घेतलंय की, साहेब," ती खालूनच म्हणाली. "दिसून न्हाई राह्यलं का?"

बेबीनंदा तिच्या शेजारी चपलांत बसली आणि तिनं लेकराच्या अंगावरचं कापड नीट केलं. परत मागून घेतलं नाही. काकासाहेबांचे हात अजून पुढंच होते. मग एक खाली आला, मग दुसरा.

मी पेटीचा भाता सोडला आणि उठून उभी राहिले. बाप्तिस्म्याला मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहत होते. आता कुणाला त्याची गरज नव्हती.

लेकरू आईच्या हातात परत येईपर्यंत बसायचं नाही, अशी आमची रीत. ते द्वारकाबाईच्या मांडीवर झोपी गेलं. आम्ही सगळे उभे होतो. काकासाहेबही, आणि मीही.